उजवी बाजू

विमान आलं, पण काळं.
धानोरीत तिसऱ्या मजल्यावर, रात्री अकराला,
पडद्यावरच्या लोहगावच्या धावपट्टीवर उभं राहिलं
तव्याच्या बुडासारखं.
आकार सगळा डकोटाचा, शेपूट जमिनीला टेकलेली,
पण अंगावर ना रंग, ना चक्र, ना नंबर.

बाबा खुर्ची ओढत जवळ आले.
"प्रायमरसुद्धा नाही मारला का गं याला?"

हवाई दलात बत्तीस वर्षं त्यांनी विमानं रंगवली.
उडवलं एकही नाही.
पेंटर धायगुडे. अजून बँकेत सही करतानासुद्धा
करंगळी कागदावर रोवतात,
जणू पलीकडे ओला रंग आहे.

मी फोल्डर उघडला.
टेक्स्चर म्हणजे विमानाचं कातडं,
सोलून सपाट पसरलेलं:
इथे अर्धा पंख, तिथे नाक, कोपऱ्यात चाकं,
शिंप्यानं बेतून ठेवल्यासारखं.
रंग मी भरला होता आठवडाभर,
ते मागून "थोडा हिरवट, अजून थोडा" म्हणत होते.
आता पडद्याकडे बघून म्हणाले,
"बरंय तुमचं. आम्हाला शिडी लागायची."

ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. काळं.
सेटिंग खाली आणलं, वर नेलं. काळं.
मशीन बंद करून चालू केलं, तेवढ्यात चहा झाला,
चहा संपला, काळं.

साडेबाराला सापडलं.
फोल्डरवर लिहिलं होतं लोहगाव,
आणि विमानाच्या यादीत लोह गाव.
मध्ये एक रिकामी जागा, बोटाचा एक चुकार ठोका,
माझ्याच बोटाचा.
विमान बिचारं दीड तास
नसलेल्या गावात आपले कपडे शोधत होतं.

मग रंग आला, पण पोटातून
पलीकडचं गवत दिसायला लागलं.
"अल्फा," मी म्हटलं.
"कोण?"
"पारदर्शकतेचा थर. काळा राहिलाय, पांढरा करायला हवा."
"मग कर की. पांढरा कुठे महाग आहे?"

केला.
आणि उभं राहिलं. चंदेरी, थोडं हिरवट,
शेपटीजवळ सत्तेचाळीस, बाबांच्या वळणाचा चार,
ज्याचं पोट ते कधीच बंद करत नसत.
ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, परत लावला.
"फिरव जरा."

फिरवलं. उजव्या कुशीवर
सात आधी, चार नंतर,
दोघंही पाठ करून उभे.

ज्यानं हे मॉडेल घडवलं त्यानं जागा वाचवायला
दोन्ही कुशींना एकच कातडं दिलेलं.
डावीकडचं सुलट म्हणजे उजवीकडचं उलट.
हे माझ्याच्यानं सुटणारं नव्हतं.

"स्टेन्सिल उलटी धरली की असंच होतं," बाबा म्हणाले.
"माझ्या हातून झालंय."
"कधी?"
"नवा होतो. पहाटे विमान जायचं होतं,
वॉरंट ऑफिसरनं टॉर्च धरला, मी घासत बसलो."
एवढ्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.
आईलाही नसावं; तिनं नक्की बाहेर फोडलं असतं.

"मग काय करायचं, बाबा?"
"काय करायचं? उजवीकडून बघायचं नाही."

तसं ठरलं. कॅमेरा डावीकडे बांधून टाकला,
थ्रॉटल पुढे, शेपूट उचलली,
खाली येरवडा, नदीची मळकट पट्टी,
चौकोनी ठोकळ्यांचं कॅम्प, मग पर्वती,
जिच्यावर पायऱ्याच नव्हत्या.
"पायऱ्या कुठे गेल्या?"
"ते टेक्स्चर वेगळं, बाबा. उद्या."

पहाटे खऱ्या धावपट्टीवरून काहीतरी उठलं,
खिडकीच्या काचा नेहमीसारख्या थरथरल्या.
एरवी आवाजावरून जात सांगणारे बाबा
आज मान वर करेनात.
खडकवासल्याच्या पाण्यावर
सत्तेचाळीस डावीकडे कलून घिरट्या घालत होतं,
पेट्रोल निम्म्यावर आलेलं.
"ऊर्मे, आता उतरव."

आणि तेव्हा मला सांगावं लागलं
की ते मला येत नाही.