कच्चा की पक्का

डाय-हाऊसच्या मागे, शेवग्याखाली मेलेला सापडला शिंजीर.
अंगठ्याहून थोडा मोठा. चोच दाभणासारखी, वाकडी.
काळाच आहे म्हणून उचलला
आणि तळहात जरा कलला तर
मानेवरून मोरचुदाचा निळा गेला, मागोमाग जांभळा,
हिरवा क्षणभर थांबला,
तोही गेला.

एकतीस वर्षं पूर्व भागात सूत रंगवतोय.
माझ्या नखांत कुठल्या ऑर्डरचा लाल आहे
ते बायको न विचारता सांगते.
मला जे येतं तेच केलं :
एक पीस उपटलं. साबण, सोडा,
मग हायड्रोचं पाणी,
ज्याच्यापुढे भलेभले रंग कबुली देतात.

पाणी स्वच्छ.
पीस वाळलं, पुन्हा निळं.

संध्याकाळी अनुषा हसली.
"नाना, त्यात निळा नाहीच, सुटणार काय?
काळ्या कणांचे थर आहेत, एकावर एक.
वरच्या थरावरून उजेड परततो, खालच्यावरूनही.
पावलाला पाऊल मिळालं तर निळा,
चुकलं तर एकमेकांना खातात."
तिनं पीस खिडकीशी धरलं, उजेड पाठीमागे.
तपकिरी. विटकं.
"आणि कुटलं तर?"
"काजळी."

रात्री पंखा बघत पडलो.
वडील हातमागावर धूपछाव विणायचे,
ताणा तांबडा, बाणा हिरवा,
पदर हलला की तिसराच रंग
जो आमच्या एकाही हौदात नव्हता.
गिऱ्हाईक विचारायचं, हा कुठला?
वडील म्हणायचे, तुम्ही जरा डावीकडे सरका.

पण या एवढ्याशा जिवानं कुणासाठी?
मादीसाठी, अनुषा म्हणते. ती स्वतः मळखाऊ.
उपाशी, आजारी नराचे थर बिघडतात म्हणे,
तीही घडी उलगडून पोत बघत असेल,
नक्की काय बघते ते तिलाच माहीत.
हंगाम सरला की तोही अंगरखा उतरवतो,
पोटावर एक काळी रेघ ठेवून
रुईच्या झुडपांत साधाच हिंडतो.
अंगरखा असतानाही, सावलीत गप्प बसला
तर शिक्रा वरून निघून जातो.

पीस शेड-कार्डाच्या वहीत चिकटवलंय.
खाली नंबर नाही, प्रमाण नाही.
परवा इचलकरंजीच्या व्यापाऱ्यानं त्यावर बोट ठेवलं,
"हा द्या. दोनशे किलो."
मी वही थोडी कलती केली.
"कुठला?"