आस

डार्लिंग्टनला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टेबलावर जुना टॉवेल पसरून
मी इंजिन उताणं ठेवलंय,
कासव ठेवावं तसं.

हिरवा रंग. टपावर ओरखडा,
तो माझाच, सत्याहत्तर सालचा,
जिन्याखाली बोगदा करायचा होता तेव्हाचा.
नंतर चाळीसेक वर्षं बिस्किटांच्या डब्यात,
बाबांच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे.
बाबा गेल्यावर गॅरेज रिकामं करताना
डबा उचलला, तर आत काहीतरी
घरंगळलं.

बॉडीला एकच स्क्रू, धुराड्याच्या पोटात.
निघेना. कुणीतरी जीव खाऊन आवळलेला.
तेलाचा एक थेंब, एक रात्र,
सकाळी निमूट निघाला.
आतलं ग्रीस डिंकासारखं वाळलेलं;
दात कोरायच्या आकड्याने खरवडतो.
तीस वर्षं या गावाच्या कवळ्या केल्या मी,
हात अजून थरथरत नाही.
डोळे मात्र भिंगाशिवाय
काही कबूल करत नाहीत.

कार्बनचे ब्रश झिजून तिळाएवढे.
नवे पोस्टाने आले, नॉर्विचच्या एका गृहस्थाकडून.
पाकिटावर पेन्सिलीने: सुरुवातीला हळू चालवा.

मग ती लाल तार,
आणि तिच्या टोकाला डाखाचा गोळा,
चिंचोक्याएवढा, वेडावाकडा.
हे बाबांचं काम.
शेजारच्या मिस्टर ऑर्डकडून डाख द्यायची सळई मागून आणली,
बोट भाजून घेतलं,
बोट तोंडात धरूनच म्हणाले, आता चालेल.
चाललं नाही.
हॉस्पिटलात दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळायचे,
एक सांडायची नाही;
घरात खिळा कधी सरळ गेला नाही त्यांच्या हातून.
मी दहा वर्षांचा.
'तुम्हाला काहीच येत नाही,' म्हणालो.
इंग्रजीत म्हणालो,
दारात उभ्या मिस्टर ऑर्डना कळावं म्हणून.

मीटर लावला.
गोळ्यातून वीज नीट जाते.
दुसऱ्यांदा लावला. जाते.

दोष खाली होता, मधल्या आसाला.
नारिंगी गालिच्याचा भुसा,
आणि त्यात आवळून बसलेला
एक काळा केस.
चिमट्याने सोडवत गेलो, सोडवत गेलो,
हातभर निघाला.

कार्डिफला फोन केला.
वासंती म्हणाली, माझाच असणार,
आईचे तेव्हा पिकायला लागले होते.
मग म्हणाली, थांब,
गॅसच्या शेगडीसमोर बसून विंचरायची ती आईच.
आणि आई कलप लावायची, तुला काय माहीत.
यावरून आम्ही थोडं भांडलो.
फोन ठेवताना तिने विचारलं,
चालतंय का पण?

रूळ जोडले, लंबगोल, टेबलभर.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणला.
तो वास आला,
उन्हात तापलेल्या नाण्यासारखा काहीसा.
इंजिन शहारलं, अडखळलं, आणि निघालं
उलटं.

चुंबक फिरवून बसवलंय मी, एवढंच.
यातून काही अर्थ काढायचा नाही.
पाच मिनिटांचं काम.
गिलियन खाली आली, मीठदाणी उचलून
रुळाशेजारी ठेवली, स्टेशन म्हणून,
आणि म्हणाली, जेवायचं कुठे आज?

जेवण मांडीवर घेतलं.
रात्री चुंबक फिरवलं. सुलटं चाललं, सात फेऱ्या,
मीठदाणीला एकदाही न धडकता.

बॉडी चढवायला गेलो तर बसेना.
गोळा आतून अडतो.
तेव्हाही अडला असणार;
जोर कुणी लावला होता, ते कळलं.
कानस घेतली.
गोळा दोन मिनिटांत गुळगुळीत झाला असता.
मी बॉडी आतून घासत बसलो,
मध्यरात्र उलटेपर्यंत,
धातूची राखाडी भुकटी टॉवेलवर पडत राहिली,
आणि मग बसली.
स्क्रू हलकाच फिरवला.

केस काडेपेटीत ठेवलाय.
पेटीवर कुणाचंच नाव लिहिलेलं नाही.