चालू असताना

कागवाडच्या अलीकडे, हंगामाचा एकसष्ठावा दिवस,
रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
कारखान्याच्या टेलिफोन खोलीत मी आणि एक बादली,
बादलीत एसीचं पाणी ठिबकतंय.
दाराच्या फटीतून मळीचा वास,
काट्यावर ट्रॅक्टरांची घरघर.

काम तसं किरकोळ.
दोनशे चार हा काट्याचा नंबर आता चिटबॉयच्या खोलीत वाजणार,
काट्याला नवा, दोनशे चाळीस.
बॉयलरपुढचं महादू कोगनोळे हे नाव काढायचं,
दिवाळीतच निवृत्त झाले ते,
तरी लोक अजून बॉयलरला महादूअण्णाच म्हणतात.
आणि स्वागताच्या आवाजात
आधी कन्नड, मग मराठी.
तसं सहीचं पत्र आहे,
म्हणजे पत्राचा फोटो, तिरका काढलेला.

आवाज दोन्हींचा एकच, टाइम ऑफिसच्या सुवर्णा हुद्दारचा.
कन्नडक्कागि ओंदन्नु ओत्ति,
मराठीसाठी दोन दाबा,
आणि मध्ये तिनं घेतलेला एक श्वास.
अदलाबदल करताना तो कुणाच्या वाट्याला द्यावा कळेना.
शेवटी होता तिथेच ठेवला, मधोमध.

मशीन बंद करून पुन्हा सुरू करता आलं असतं.
पण गाळप चालू आहे,
आणि पडद्यावर पाच कॉल.
चार आपले मिनिट-दीड मिनिटाचे.
पाचवा दोनशे चारवर,
सत्तेचाळीस मिनिटं अठरा सेकंद.
काट्यावर आज इराप्पा.
उसाचं बोलणं एवढं लांबत नाही.
मला ऐकता येतं, मी ऐकत नाही.
नंबराच्या सुरुवातीवरून फक्त कळतं, इचलकरंजीचा, लँडलाइन.
रात्री दोनला लँडलाइनवर कोण असतं?
दवाखाना, नाहीतर माग.

कंस मोजले. परत मोजले.
एक जरी उघडा राहिला
तर सकाळपर्यंत सगळा कारखाना मुका.
ज्यांनी हे काम शिकवलं ते गुरुराज म्हणायचे,
'स्टँडवर कंडक्टर बदलतो गा,
बसलेल्यांनी उतरायचं नसतं.'

खरंच नसतं.
लागलेला कॉल जुन्याच वाटेनं चालत राहतो,
त्याला कुणी काही सांगत नाही.
बोलणं संपल्यावर तो पुढची पायरी शोधतो
आणि ती तिथे नसते, एवढंच.

थोरल्या आत्याचा चौथीचा दाखला पाहिलाय मी.
जूनमध्ये एक राज्य, मार्चमध्ये दुसरं.
विचारलं तर म्हणते,
'मी त्याच बाकावर होते की. खिडकीजवळच्या.'

एंटर.

दोन सेकंद पडदा काहीच बोलला नाही.
बादलीत तीन थेंब.
मग ओळी धडाधड वर गेल्या,
आणि खाली पाचवा कॉल तसाच,
एकोणपन्नास शून्य चार, शून्य पाच, शून्य सहा.
मी खुर्चीत मागे टेकले
आणि त्याचे सेकंद मोजत बसले,
दुसऱ्याच्या घरात पाट मांडून बसल्यासारखी.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला ओळ नाहीशी झाली.
पाठोपाठ दोनशे चार वाजू लागला.
तोच नंबर.
चिटबॉयच्या खोलीत या वेळी कोण असणार?
आठ वेळा वाजला, नवव्याला मी इथून उचलला.

खटाखट, खटाखट, आणि त्यावरून ओरडणारी एक बाई:
'इराप्पा आहेत काय? मधेच ठेवला त्यांनी, गाडी आली म्हणून.
आणि आज ती बाई आधी कन्नडच बोलली,
मला वाटलं चुकून दुसरीकडं लागला.'

म्हटलं, 'बरोबर लागलाय. काट्याचा नंबर बदललाय फक्त,
लिहून घ्या, दोनशे चाळीस.'

'कशानं लिहू? दोन्ही हातांत सूत आहे.
मान वाकडी करून बोलतेय.
तुम्हीच जोडा की.'

जोडला.
शून्य शून्य, शून्य एक.