मतदान मीच काढलं होतं

एप्रिलात बर्फ मागे सरला,
हिवाळाभर वाटांवर टाकलेली खडी उघडी पडली,
तेव्हा इमारतीच्या फोनवरल्या गटात
मी प्रश्न टाकला :
‘मागच्या अंगणात आपला सतरंज्या झोडायचा दांडा आहे,
त्याचं काय करायचं?’

खाली तीन पर्याय.
राहू दे.
काढून टाकून तिथे सायकलींना छप्पर.
मला काहीही चालेल.

आणि शाई वाळायच्या आत
(शाई कुठली म्हणा)
पहिल्यावर बोट ठेवलं.

पडद्यावर उमटलं :
एक मत. लेम्पी तुर्तियाइनेन.

मग दोन दिवस
काही नाही.

योएन्सूची माणसं तशीही शब्द मोजून वापरतात,
पण चौदा घरांतले चौदा फोन
असे गप्प मी कधी पाहिले नव्हते.
जिन्यात वेइयो भेटला, टोपीला हात लावला,
आणि पत्रपेटीवरचं स्वतःचंच नाव
वाचत उभा राहिला.
कारीनाच्या घरात तीन सायकली आहेत, ओल्या,
बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रावर उभ्या.
तिनं हवापाण्याचं विचारलं.

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना लक्षात आलं :
मी सगळ्यांना कॉफीला बोलावलं होतं
आणि दार उघडायला गेले तेव्हा
माझ्याच ओठांना साखर लागलेली होती.
वाढणाऱ्यानं शेवटी बसावं,
एवढं तर शाळेत जायच्या आधी शिकवतात.

हात पुसले. मत काढून घेतलं.
एकाचं शून्य झालं, आवाज न करता.

रात्रीत पाच मतं आली.
सकाळी लापशी ढवळेपर्यंत आठ.
सगळी छपराला.

मी चष्मा बदलून
माझाच प्रश्न पुन्हा वाचला.
‘आपला’ कुणी घालायला सांगितलं होतं मला?
‘राहू दे’ वर कसं गेलं?
आणि ‘काढून टाकून’,
दाढ उपटल्यासारखं.
म्हणजे मत द्यायच्या आधीच
मी तीनदा मत देऊन बसले होते.
चौथं परत घेतलं
आणि दिवसभर स्वतःला मोठ्या मनाची समजले.

टाउनोनं त्या दांड्याचा एक पाय
जोडून आणला होता, कारखान्यातून,
त्याला तेव्हा कुणाला विचारावं लागलं नव्हतं.
जोड अजून दिसतो, जाड, ओबडधोबड,
हात फिरवला तर खरबरीत लागतो.
हे मी गटात लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर पाचवं.

शेवटचा दिवस. आठला बंद होणार.
छपराला नऊ.
दांड्याला दोन, त्यातलं एक वेइयोचं,
ज्याच्या घरात सतरंजीच नाही.
माझं एक घातलं तर तीन.
तीनानं नाव तरत नाही, बुडतही नाही.

खाली तिसरा पर्याय होता,
मी रीत म्हणून ठेवलेला,
जास्तीची खुर्ची ठेवतात तसा.
त्यावर कुणी बसलं नव्हतं.
थाळीतला शेवटचा दालचिनीचा पाव
सगळे बघतात आणि कुणी उचलत नाही,
मग घरच्या बाईला तो
उभ्याउभ्या, ओट्यापाशी खावा लागतो.

सात वाजून छप्पन्न मिनिटांनी
मी तिथे मत दिलं.
मला काहीही चालेल. एक. लेम्पी तुर्तियाइनेन.

खोटं होतं थोडं.
थोडंच.

सकाळी मोठी सतरंजी खांद्यावर घेऊन उतरले,
लाल पट्ट्यांची, वजनदार,
दांड्यावर टाकली आणि दोन्ही हातांनी झोडली,
कारीनाच्या खिडकीतून दिसेल इतपत.
धूळ वाऱ्यानं जिथे न्यायची तिथे नेली,
तीन सायकलींच्या तीन गाद्यांवर,
आजच बाहेर काढल्या होत्या त्या.

वर जाऊन फडकं भिजवून आणलं.