खुडूक

जांभळी तीन दिवस उठलेली नाही.
खोक्यात एकही अंडं नाही,
तरी पंख पसरून, पोट टेकवून,
डोळे अर्धे मिटून
बसली आहे एका गेलेल्या बल्बवर.

साठचा बल्ब. पिल्लांच्या उबेसाठी टांगलेला.
जानेवारीत राऊमध्ये रात्रभर वीज नव्हती,
पिल्लं त्याच्याखाली एकमेकांवर चढून
सकाळी सगळी गार.
नंतर वीज आली, तेव्हा फटकन उडाला.
कुठे टाकला ते मी विसरले होते.
हिला सापडला.

रामकुंवर भिंतीवरून डोकावली,
‘या तो कुड़क हुई गी, भाभी.’
आमच्यात खुडूक म्हणतात.
क आणि ख, मधे एवढीच भिंत.
मग तिनं उपाय सांगितले, जे माझ्या सासूबाईही सांगायच्या:
गार पाण्यात बुडव, नाकपुडीत पीस ओव,
डालग्याखाली उपाशी कोंड,
चार दिवसांत अंड्यावर येते.

येईलही. पण एकटीची अंडी
मी कुणाला विकू?

अकरा होत्या.
लसीची बाटली मिळते शंभरांची.
महूहून आणायची, थर्मासात,
कुल्फीवाल्याकडून मागून घेतलेल्या बर्फात,
आणि कालवली की दोन तासांत संपवायची.
गेल्या वर्षी ड्रॉपर घेऊन दारोदार फिरले.
नसीबन म्हणाली, उद्या बघू.
मांगीलाल म्हणाला, आजारीच नाहीत तर औषध कशाला?
एकोणनव्वद थेंब मोरीत ओतले,
वर तांब्याभर पाणी.

यंदा गेलेच नाही.
बसचं भाडं वाचवलं,
जाऊन-येऊन साठ रुपये.

होळीच्या आधीच्या सोमवारी
तांबडीची मान वळली,
आभाळात काहीतरी शोधत असल्यासारखी.
मंगळवारी चार.
शुक्रवारी मी मोजणं सोडलं.
दिगंबर शेवेच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आले,
अंगाला तेलाचा, लवंगेचा वास,
कपडे न बदलता खड्डा खणला, चुना टाकला.
‘सांगत होतो’ असं एकदाही म्हणाले नाहीत.
म्हणाले असते तर बरं झालं असतं.

नसीबनच्या सहा गेल्या, मांगीलालच्या चौदा.
त्या आठवड्यात गल्लीत पहाटे कुणी आरवलं नाही,
सगळे उशिरा उठले,
तोवर नळ जाऊन बसला.

ही उरली, कारण बाकीच्या हिला टोचायच्या.
वेगळी झोपायची, संडासाच्या पत्र्यावर.
नावाला कडकनाथ,
आई कुठली कुणास ठाऊक.
कडकनाथ कधी अशी बसते का?

काल रंगवाशाला जाऊन नऊ अंडी आणली.
शेवेच्या खोक्यात भुसा घालून,
बसमध्ये मांडीवर.
शेजारच्या बाईनं विचारलं, मिठाई?
मी हो म्हटलं.

रात्री, दिवा न लावता,
तिच्या पोटाखाली एकेक सरकवलं.
तिनं मनगटावर दोनदा चोच मारली,
चांगली, रक्त येईपर्यंत.
मग चोचीनं अंडी स्वतःच आत ओढून घेतली.
मी बल्ब काढून घेतला.

गरम होता.

स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला
आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.
दिगंबर म्हणाले, टाकून दे ना.
हो म्हटलं.

आज सकाळी नसीबन कचरा टाकायला आली,
उगाच रेंगाळली.
‘महू कब जाओगी?’
अजून तिच्याकडे एकही पिल्लू नाही,
माझ्याकडे नऊ अंडी,
त्यातली किती भरलेली, ते सातव्या रात्री
मोबाइलच्या उजेडात कळेल.
मांगीलालचं तर काहीच ठरलेलं नाही,
तो आता शेळी घ्यायची म्हणतो.

थर्मास घासून
उन्हात पालथा घातला आहे.
झाकणाचं रबर सैल झालंय,
ते आधी बदलायला हवं.