खायचं, न खायचं

खिडकीत पाच बरण्या.
आडव्या पेन्सिली, पेन्सिलींना दोरे,
दोऱ्यांच्या टोकाला काही नाही अजून,
म्हणजे आहे,
पण ते शाल्मलीलाच दिसतं.

मखमलाबादची थंडी, पहाटे सात अंश.
बागांमधून शेकोट्यांचा धूर जमिनीलगत सरकतो
आणि आमच्या खिडकीत
एका रात्रीत तुरटीला पैलू फुटतात.
आठ. तिनं मोजले. परत मोजले.

मीठ रुसलेलं.
आठवडा झाला, तळाशी नुसती भुकटी.
"हलवू नकोस त्याला," मी म्हणालो,
"मिठाला घाई चालत नाही."
हे मला कुणी सांगितलं आठवत नाही.
बहुतेक मीच आत्ता जुळवलं.

चिठ्ठ्या तिच्या, चौकटीच्या वहीतल्या:
मीठ, खायचं.
खायचा सोडा, नावातच आहे.
तुरटी, चाटली. तोंड आक्रसलं. न्हाव्याची असते. प्रश्नचिन्ह.
टाकणखार, रविवार कारंज्यावरचे चांडक म्हणाले,
सोनाराचा आहे बेटा, स्वयंपाकघरात नेऊ नकोस.

पाचवीवर चिठ्ठी नव्हती.
निळी. सगळ्यांत आधी वाढलेली,
सगळ्यांत मोठी,
उन्हात धरली की भिंतीवर निळा कवडसा.
माझ्याच शर्टाच्या खिशातला खडा,
फवारणीच्या गोणीतून उडालेला मोरचूद,
तिनं धुण्याआधी काढून घेतला
आणि मला काही बोलली नाही.

मी लाल पेनानं कवटी काढली.
"हसतेय ती," शाल्मली म्हणाली.
खरंच हसत होती.
मला कवटी जमत नाही.

बरणी कपाटावर गेली, तिला हात पुरणार नाही तिथं.
मग जेवताना, भाकरी मोडता मोडता:
"पप्पा, हेच तू द्राक्षांवर मारतोस ना?"
चुन्यात मिसळून, म्हटलं. थोडंसं.
"आणि द्राक्षं?"
खायची.
"कधी?"
दिवस मोजायचे, म्हटलं.
शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत,
वहीत लिहून ठेवायचे.
आणि घरी आणली की मिठाच्या पाण्यात घोळून घ्यायची.
तिची आई ताटाकडेच बघत होती.
माझ्या नखांच्या कडा
कापूस घासूनही निळसर राहतात
हे तिला ठाऊक आहे.

तोडणी सुरू झाली त्या आठवड्यात
मिठानं मनावर घेतलं.
तुरीच्या डाळीएवढा दाणा, चारी कोपरे टोकदार,
कुणी कापून ठेवल्यासारखा.
"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली.
मी धुतले.
"परत."
परत धुतले, नखांत ब्रश घालून.
तिनं उजेडाकडे धरून बघितले, उलटे, सुलटे,
मग दाणा तळव्यावर ठेवला.

खारट, मी म्हणालो.
"मग काय असणार?"
म्हणाली, आणि तरी जाऊन
चिठ्ठीवर बरोबरची खूण केली.