सहा चटया

बबलो झोरे फोनवर सांगतो,
वरची झोपडी डिसेंबरभर भरली,
म्हापशाच्या बँकवाल्यांनी चवथीआधीच घेतली.
खालची आहे. सहा चटया, एक कंदील,
दार नीट लागत नाही.
कुत्रा आत येईल, त्याला हाकलू नका,
गवा आला तर तोच आधी भुंकतो.
माणशी अडीचशे, पेज आणि लोणचं धरून.

वाळपईच्या दुकानात, यंत्राच्या फळीवर,
कुणाच्या तरी ब्लाउजच्या मापांखाली
मी लिहीत जाते:
छाती चौतीस, बाही नऊ,
टॉर्च दोन, खोबरेल, सुकं बांगड्याचं किसमूर,
गळा मागून खोल,
जुनी चादर.

शनिवारची रात्र घेतली तर पेर्पेतची मिस चुकते.
शुक्रवारी सुलक्षाची शाळा.
खाली झोपलं तर तीनला उठायचं,
तरच उजाडताना माथ्यावर,
आणि पेर्पेतचा गुडघा तीनला उठत नाही.
सत्यवती घोरते, हे ती सोडून सगळ्यांना ठाऊक.
सुलक्षा म्हणते, दोघींनी मागे राहावं.
कोण दोघी, ते म्हणत नाही.
शेवंतीचा नवरा विचारतो, तिथं आहे तरी काय?
हा प्रश्न आम्ही यादीत घेतलेला नाही.

पाणी वर नाही, बबलो सांगतो,
झऱ्यावरून भरून न्यावं लागेल.
झरा सापडेल ना? पहिल्यांदाच येता?

मी गप्प.
ओठांत टाचण्या होत्या म्हणून, असं समजा.

झरा म्हणे सापडेल का.
मोडक्या धुपाच्या झाडापासून डावीकडे,
शेवाळल्या कातळाखाली,
वाटी बुडेल एवढंच पाणी, पण मे महिन्यातही.
अकरा वर्षांची होते. मोळीला गेले,
धुकं उतरलं आणि वाट मिटली.
आज जिथं त्याच्या सहा चटया आहेत
तिथं तेव्हा गवळ्यांचा रिकामा गोठा होता.
रात्रभर भिंतीशी बसले,
मोळी पाठीला तशीच,
सोडली तर एकटीला परत बांधता आली नसती.
सकाळी खाली पोचले.
आईने आधी लाकडं मोजली,
मग मला जवळ ओढून
केसांतली पानं काढत राहिली, कितीतरी वेळ,
एकही शब्द न बोलता.

धूपमाथा तिथून तासाभरावर.
पण लाकूड खालीच मिळायचं,
त्याच्या वर कोण जाणार, आणि कशाला?

"वर पहिल्यांदाच," मी सांगते.
"मग काठी आणा," तो म्हणतो.

पाच जणी, चटया सहा.
सहावीचे पैसे द्यायचे की नाही
यावरून दुपारी वाजलं.
आपलं सामान ठेवू, सत्यवती म्हणाली.
नको, दुसरं कुणी येईना का, शेवंती.
पेर्पेत म्हणाली, मी आडवी झोपेन.
मी म्हटलं, घेऊ. अडीचशे माझे.
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या
तर मी यंत्राला तेल घातलं.

सहा-दहाची कदंब, शुक्रवारीच ठरलं,
सुलक्षा रजा टाकणार,
आजारी कोणाला पाडायचं ते अजून ठरायचंय.
ब्लाउजवाली उद्या सकाळी येईल,
बाही कापायची राहिलीय.

यादीच्या शेवटी मी लिहिलं: दोरी, चार वाव.
कड्यावर दोरी लागते का गं, सुलक्षाने विचारलं.
नाही, म्हटलं.
असू दे.